आधी रिक्षा, मग कॉम्प्युटर

‘मग मॅडम’ना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं माणूस आमच्या कारखान्यात मी पाहिलं नाही. सुनंदा कुलकर्णी हे नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण त्या दाराआड त्या कधी बसल्याच नाहीत, त्यामुळे पाटी वाचायची वेळ कोणावर फारशी आली नाही. अंबरनाथ एमआयडीसीतल्या त्या रबराच्या कारखान्यात त्या सिस्टिम्स मॅनेजर होत्या. कोणीही, अगदी शेठनीही, त्यांच्याकडे एखादा नवा रिपोर्ट मागितला की त्या चष्मा कपाळावर सरकवत आणि आवाज अजिबात न चढवता एकच शब्द विचारत, "मग?" म्हणजे, हा रिपोर्ट तुमच्या हातात पडला असं धरून चालू, मग उद्या सकाळी तुम्ही काय वेगळं करणार? उत्तर असेल तर रिपोर्ट संध्याकाळपर्यंत टेबलावर यायचा. नसेल तर त्यांच्या फ्लास्कच्या झाकणातून दोन घोट कोरा चहा मिळायचा आणि माणूस हात हलवत परत जायचा. त्यांना उलट "मग?" विचारायची कोणाची टाप नव्हती.

मी क्वालिटी कंट्रोलमध्ये होतो आणि रिपोर्ट हा माझा जीव की प्राण. रंगीत आलेख, तक्ते, वर पारदर्शक कव्हर, स्पायरल बाइंडिंग, असा माझा ऐवज दर महिन्याला निघायचा आणि तो मी लग्नाच्या पत्रिकेसारखा टेबलाटेबलावर स्वतः नेऊन द्यायचो. मॅडम नोकरीला लागल्या त्या महिन्यात त्यांनाही एक प्रत दिली. एरवी ती कोणी उघडत नसे. या बाईंनी जेवणाची सुट्टी घालवून ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली, माझ्याकडे आल्या, रंग छान निवडलेत म्हणाल्या, आणि चष्मा कपाळावर गेला. मी बरेच दिवस घुश्शात होतो. पण पुढच्या महिन्यात माझा रिपोर्ट एका पानावर आला. कोणता साचा झिजलाय एवढंच त्यात होतं, आणि ते वाचून टूलरूमने त्याच दिवशी तो साचा उतरवला. माझं लिखाण वाचून कारखान्यात काहीतरी हललं, असं नोकरीत पहिल्यांदाच घडत होतं. मला भलताच आनंद झाला.

कंपनीने त्यांना काचेची एसी केबिन दिली होती. सर्व्हर तिथे, गालिचा तिथे, नावाची पाटी तिथे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी आपलं टेबल उचलून मागच्या शेडमध्ये, रबर साच्यात दाबणाऱ्या प्रेसच्या रांगेशेजारी नेऊन टाकलं. तिथे तापलेल्या रबराचा वास, उकाडा आणि रबर चिकटू नये म्हणून भुरभुरायच्या टॅल्क पावडरीची धूळ. दुपारपर्यंत त्यांच्या ड्रेसवर, केसांवर पांढरी झाक यायची. शेठ हळहळले, तेव्हा त्या म्हणाल्या, "गार हवा यंत्राला लागते, शेठ. माहिती इथे जन्माला येते. मी तिथे बसून काय करू?"

शिकवायची त्यांना दांडगी हौस. कँटीनमध्ये समोर जो बसेल तो त्यांचा विद्यार्थी. प्रेसवरचा काटा तापमान दाखवतो तो नुसता आकडा, असं त्या सांगायच्या. असे हजार आकडे जमवले तरी तो ढीगच. तीन नंबरचा प्रेस दुपारनंतर जास्त तापतो, त्याला थांबवा, ही झाली माहिती. आणि ही माहितीसुद्धा सगळ्यांना एकाच मापाची लागत नाही. प्रेसवरच्या माणसाला आत्ताचं कळायला हवं, सुपरवायझरला आठवड्याचं, मालकाला पुढच्या वर्षाचं. पुस्तकात हे सगळं त्रिकोण काढून, मोठमोठी नावं देऊन समजावलेलं असतं. मीही ते एका कोर्सला शिकलो होतो आणि परीक्षा संपताच विसरलो होतो. मॅडमनी वरणभात कालवता कालवता सांगितलेलं मात्र अजून डोक्यात पक्कं आहे.

आमचे शेठ उल्हासनगरचे, सिंधी. मनाने अगदी उमदे, पण दुसऱ्याकडे काही नवीन दिसलं की ते आपल्याकडेही हवंच. एका मित्राचा अख्खा कारखाना त्याच्या फोनवर दिसतो हे पाहून आले आणि मॅडमच्या टेबलाशी उभे राहिले. "मॅडम, मला सब कुछ पाहिजे. एकेक प्रेस, एकेक मिनट. मोबाईलवर." या वेळी मॅडमनी "मग?" विचारलंच नाही. बरं म्हणाल्या. मला तेव्हाच शंका आली. दुसऱ्या दिवशी शेठच्या पुतण्याचा साखरपुडा होता. इकडे शेडमध्ये प्रेस उघडला की तिकडे शेठच्या खिशात टिंग. अंगठी घालताना टिंग, फोटो काढताना टिंग. शेवटी महाराज मंत्र थांबवून शेठच्या खिशाकडे बघत बसले, असं शेठच नंतर हसत सांगायचे. संध्याकाळी मॅडमना फोन आला, "साईं, मेहेरबानी करो, बंद करो इसको." दुसऱ्या दिवशी मॅडमनी त्यांना समोर बसवलं आणि तुम्ही स्वतः कोणकोणते निर्णय घेता, ते विचारलं. शेठनी पुष्कळ आठवलं, पण बोटावर मोजण्याइतकेच निघाले. मग तेवढ्यापुरत्या चार ओळी त्यांना रोज सकाळी जाऊ लागल्या आणि शेठ त्या चहाबरोबर खरोखर वाचू लागले.

आमच्या मागच्या शेडमध्ये दुधाच्या यंत्रांना लागणारे रबरी सील बनत, आणि ही शेड एकाच मोठ्या गिऱ्हाइकाच्या जिवावर चालायची. कणीक मळावी तसं रबर मळतात, आणि अशा प्रत्येक घाण्याला एक नंबर असतो. कुठल्याशा डेअरीत आमचा एक सील चिरला. गिऱ्हाइकाने साधा प्रश्न विचारला: हा कोणत्या घाण्यातला, आणि त्या घाण्यातले बाकीचे सील कुठे कुठे गेले? आमच्या कॉम्प्युटरने छातीठोकपणे एक नंबर दिला. तो घाणा सील बनल्याच्या दुसऱ्या दिवशी मळला होता. म्हणजे रबर तयार व्हायच्या आदल्या संध्याकाळीच आमचा सील तयार होऊन बसला होता. गिऱ्हाइकाला यात काही गंमत वाटली नाही. दिवाळीनंतर आमचा माणूस येईल, मनाला येईल तो सील उचलेल, आणि त्याचा घाणा सांगता आला नाही तर मान्यता रद्द, असं त्यांनी कळवलं. मान्यता गेली की मागच्या शेडला कुलूप लागणार, हे सांगायला कोणी लागत नव्हतं.

त्या शेडमधली बहुतेक माणसं बदलापूरच्या पलीकडची, बारवीच्या वाटेवरच्या वाड्यांमधली. त्यांतली कमळ ही कोणी न नेमलेली पुढारीण. पूर्वी भातकापणी झाली की ती बिऱ्हाडासकट वीटभट्टीवर जायची आणि पोरांची शाळा अर्ध्यावर तुटायची. शेडमध्ये काम लागल्यापासून पोरं एका जागी राहून शिकत होती. कुलपाची कुणकुण लागली तेव्हा ती मॅडमच्या टेबलाशी आली आणि तिने एवढंच विचारलं, "पोरांचा दाखला काढाया लागंल का शाळेतून?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. शेठच्या मोबाईलची ती गंमत सोडली, तर समोरच्याला उलट काही न विचारता उत्तर देताना मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

शेठनी नवं सॉफ्टवेअर घ्यायचं मनावर घेतलं. मुंबईहून दोघं जण आले, त्यांनी पडद्यावर पुष्कळ चौकोन आणि त्यांहून पुष्कळ बाण दाखवले. मॅडमनी शेवटपर्यंत मन लावून पाहिलं आणि घाण्याचा नंबर यात कोण भरणार, ते विचारलं. युजर भरणार, असं उत्तर आलं. "त्याचं नाव काय?" मॅडम म्हणाल्या.  भरणाऱ्या माणसाचं नाव कळेपर्यंत काहीही विकत घ्यायचं नाही, असं त्यांनी शेठना पाहुण्यांसमोरच बजावलं.

मग त्यांनी एंट्र्यांच्या वेळा काढल्या. दिवसभराच्या साऱ्या एंट्र्या शिफ्ट सुटायच्या जरा आधी, एकगठ्ठा झालेल्या होत्या. सुपरवायझर म्हणाला, ही माणसंच कामचुकार आहेत. शेठ म्हणाले, फाइन लावा. मॅडमचं म्हणणं असं, की जो माणूस दिवसभर प्रेसवर चोख काम करतो, तो कॉम्प्युटरपाशी आल्यावरच कसा आळशी होईल? यामागे काहीतरी कारण आहे आणि ते कॉम्प्युटरात बसून सापडणार नाही. त्या संध्याकाळी त्यांनी कंपनीची गाडी नाकारली आणि त्या कामगारांबरोबर रिक्षाच्या रांगेत उभ्या राहिल्या. मी कुळगावचा, त्याच वाटेचा, म्हणून मलाही ओढून नेलं.

गेटबाहेर बदलापूरच्या शेअर रिक्षा लागत. भरली की सुटली. उरलेल्या रिक्षा थोडं थांबून पलीकडच्या केमिकल कंपनीच्या गेटकडे वळायच्या आणि मग रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. आमची रिक्षा चिखलोलीच्या नव्या इमारतींवरून जात होती तेव्हा मॅडमनी कमळला सहज विचारलं, एंट्री कधी करतेस? कमळने काही लपवलं नाही. "रिक्षा गेली का बारवीची एसटी गेली. मंग अंधारात चालत जायाचं, पोरं दारात बसून ऱ्हातात. म्हून भोंगा व्हायच्या आदीच लिवतो. फळ्यावर पुढचा नंबर असतोच ना, त्योच टाकतो."

तेवढ्यात सगळा उलगडा झाला. संध्याकाळी कोणता घाणा यायचा ते फळ्यावर सकाळीच लिहिलेलं असायचं. रिक्षा चुकू नये म्हणून मंडळी काम व्हायच्या आधी एंट्री करून मोकळी व्हायची. तो घाणा वेळेवर आला तर ठीक. नाही आला तर प्रेसवर जुनंच रबर चालू राहायचं, आणि कॉम्प्युटरात मात्र नवं लागून संपलेलंसुद्धा असायचं. रिक्षा चालवणारे म्हात्रेमामा त्या स्टँडचे म्होरके होते. त्यांनी पुढूनच आपली बाजू मांडली: "आमी तरी काय करनार, मॅडम? तुमचे आज किती मान्सं येतील ते आमाला कुठं म्हाईत आसतं? थांबलो आन कोन आला नाय, तर पलीकडचं भाडं पन जातं." मॅडम यावर मोठ्याने हसल्या. इतकी खूश झालेली बाई मी त्या कारखान्यात पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये त्यांनी बोर्डावर सिस्टिमचं चित्र काढलं. त्यात पहिल्या चौकोनात रिक्षा होती, आणि ती बरी काढली होती. शेठ बघतच राहिले. "मॅडम, ही कॉम्प्युटरची मीटिंग आहे के स्टँडची?" मॅडम म्हणाल्या, "शेठ, सिस्टिम म्हणजे कॉम्प्युटर नव्हे. माणूस, त्याची काम करायची रीत, माहिती आणि यंत्र, या चौघांची मिळून सिस्टिम होते. आपण दरवेळी यंत्रालाच नवे कपडे शिवतो. या वेळी आधी रिक्षा, मग कॉम्प्युटर."

मागच्या शेडमध्ये त्या सांगतील तसं सुरू झालं. रोज दुपारी हजेरीवरून म्हात्रेमामांच्या फोनवर एक आकडा जायचा, आज बदलापूरकडे जाणारे इतके जण. तेवढ्यांना पुरतील इतक्या रिक्षा गेटवर लागायच्या आणि आकडा भरेपर्यंत थांबायच्या. मामा एकदम मोठे झाले. इतकी वर्षं तोंडं बघून अंदाज काढत होतो, आता कंपनी आपल्याला रोजचा रिपोर्ट पाठवते, असं ते स्टँडवर सांगत सुटले. रिक्षेचा जीव असा शांत झाल्यावर मॅडमनी कॉम्प्युटरला हात घातला. घाण्याच्या प्रत्येक ट्रेला स्टिकर लावला. आधी तो स्कॅन करायचा, मगच रबर साच्यात. जे काम हातात आहे त्याचीच नोंद, त्याच क्षणी. सॉफ्टवेअर जुनंच राहिलं.

पहिल्या आठवड्यात रडगाणी पुष्कळ झाली. टॅल्क पावडर बसून स्टिकर पांढरे व्हायचे आणि स्कॅनर मख्खासारखा गप्प राहायचा. कमळ वैतागून ट्रे घेऊनच टेबलाशी आली. मॅडमनी ट्रे उलटासुलटा करून पाहिला आणि स्टिकर ट्रेच्या दांड्याच्या खालच्या अंगाला गेला, जिथे पावडर बसत नाही. चूक झाली तर आपणहून येऊन सांगायचं, हा त्यांचा एकुलता एक कडक नियम. सांगणाऱ्याला फ्लास्कच्या झाकणातला चहा मिळायचा. त्या म्हणायच्या, "चूक लपली की माहिती मेली." त्या दिवसांत तो फ्लास्क रोज लवकर रिकामा व्हायचा, आणि मॅडम स्वतः कँटीनचा गोड चहा पीत बसायच्या.

दिवाळी झाली आणि गिऱ्हाइकाचा माणूस आला. उंच, सडपातळ, हसण्याची सवय नसलेला. दुपारी शेठनी मागवलेल्या दालपकवानला त्याने हातसुद्धा लावला नाही. पुष्कळ कारखाने पाहिलेला गडी होता. मला शिफ्ट सुटतानाची वेळ पाहायची आहे, म्हणाला. नेमकी त्याच दिवशी रबर मळायची मिल बंद पडली होती. फळ्यावर नव्या घाण्याचा नंबर होता, प्रेसवर जुनंच रबर चाललं होतं. पहिल्या वेळी आमचं नाक कापलं गेलं होतं तो अगदी असाच दिवस असणार.

भोंगा व्हायच्या बेताला तो कमळच्या प्रेसपाशी जाऊन उभा राहिला. कमळने शेवटचा ट्रे ओढला, दांड्याखाली स्कॅनर धरला, मग रबर साच्यात भरलं. प्रेस उघडल्यावर त्याने त्यातला एक गरम सील फडक्यात धरला आणि थेट मॅडमच्या टेबलाशी आला. स्क्रीनवर जुन्या घाण्याचा नंबर होता. त्याने मान वळवून फळ्याकडे पाहिलं, पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं. फळा वेगळंच सांगतोय, म्हणाला. शेठचा चेहरा पडला. मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला. "फळ्यावर काय व्हायचं होतं ते आहे, स्क्रीनवर काय झालं ते आहे. मळायच्या खोलीत जाऊन बघून या."

तो गेला. मिल थंड होती, नवा घाणा मळलेलाच नव्हता, जुन्याचे रिकामे ट्रे भिंतीशी रचलेले होते. परत येऊन त्याने एक मागचा नंबर सांगितला आणि याचे सील आत्ता कुठे आहेत, ते विचारलं. मॅडमनी कोणते खोके रवाना झाले ते दाखवलं आणि उरलेल्यांचा रॅक सांगितला. तो तिथेही स्वतः गेला, खोका उघडला, लेबल वाचलं. सगळं जिथल्या तिथे होतं. तरी गडी हटेना. एव्हाना भोंगा होऊन गेला होता. कमळ निवांत हात धूत होती, तिला त्याने विचारलं, तुम्हाला घरी जायची घाई नाही का?

"रिक्षा थांबलीया ना," कमळ म्हणाली. "तिला म्हाईत हाय आमी किती जणं हाय ते."

हे त्याला कळेना, म्हणून आम्ही त्याला गेटवर नेलं. म्हात्रेमामांनी अदबीने फोन उघडून दिवसाचा आकडा दाखवला आणि रिक्षात बसलेल्या बायकांना सवयीने दरडावून विचारलं, "स्कॅन झाला ना सगल्यांचा?" हे असं विचारायला त्यांना कोणीच सांगितलेलं नव्हतं. तो माणूस तेव्हा हसला. मान्यता कायम राहील, पण ही रिक्षा रिपोर्टात कुठे लिहू, असं त्याने मॅडमना विचारलं. "पहिल्या ओळीत," मॅडम म्हणाल्या.

त्यानंतर गेटवर जे झालं त्याला कल्लाच म्हणायला हवं. सगळ्या रिक्षांचे हॉर्न वाजत होते. शेठनी माणूस उल्हासनगरला पिटाळून मिठाई मागवली आणि खोके स्वतःच्या हाताने फोडून ड्रायव्हरांपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना भरवली. त्या संध्याकाळी बारवीची एसटी चुकली, तर शेठनी आपली गाडी आणि कंपनीचा टेम्पो वाड्यांपर्यंत पाठवला. निघताना कमळ मॅडमजवळ आली. "दाखला ऱ्हाऊ दे ना, मंग?" "राहू दे," मॅडम म्हणाल्या. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. मागची शेड आज दुप्पट मोठी आहे आणि कमळ तिथली लाइन सुपरवायझर आहे.

गेल्या वर्षी मॅडम निवृत्त झाल्या. हारतुरे नकोत, भाषणं नकोत, शेठची गाडी नको, सगळ्यांबरोबर रिक्षाने जाईन, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. त्यांच्या जागी मी येणार होतो; कामं माझ्या हवाली करता करता त्यांना उशीर झाला आणि भोंगा होऊन बराच वेळ गेल्यावर आम्ही गेटवर आलो. बघतो तर सगळ्या रिक्षा भरून जागच्या जागी उभ्या. एकही सुटली नव्हती. मॅडम संतापल्या. एका माणसासाठी एवढ्यांची एसटी चुकवायची, हे शिकवलं का मी तुम्हाला, असं त्या कडाडल्या. म्हात्रेमामांनी शांतपणे फोन पुढे केला. "आज आकडा एकनी जास्त आलाय, मॅडम. त्यो बसल्याबिगर गाडी कशी हलवू?" तो आकडा मीच पाठवला होता.

"आणि एसटी?" मॅडमनी विचारलं.

कमळ रिक्षातून उतरून समोर आली. कंडक्टरला दुपारीच फोन करून ठेवलाय, आज थांबणार आहे, असं तिने सांगितलं. टॅल्क न पुसलेला तिचा पांढरा हात मॅडमच्या हातातल्या फ्लास्ककडे गेला आणि तिने तो काढून घेतला. मग मॅडमच्या डोळ्यांत बघत ती म्हणाली, "मग?"

 मॅडमनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि त्या मुकाट्याने रिक्षात बसल्या. आकडा भरला, आणि सगळ्या रिक्षा एकदमच सुटल्या.